चारही चाकांचा घेर

लष्करी जीपच्या टायरवर ६.००-१६ असा आकडा असतो आणि बहुतेक मालक तेवढाच बघून टायर घेतात. चारही टायर ६.००-१६ आहेत, मग आणखी काय जुळवायचं? असं विचारणाऱ्याच्या गाडीखाली वाकून पाहिलं तर उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं. इंजिनाचा जोर दोन्ही एक्सलना वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या सीलमधून तेल ओघळत असतं, प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस नुकताच दुसऱ्यांदा बदललेला असतो आणि लिव्हर फोर-व्हीलमधून बाहेर यायला तयार नसतो. दोष मात्र सुट्या भागांना दिला जातो. ‘आता पूर्वीसारखं लोखंड राहिलं नाही’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचं अस्सल लोखंडसुद्धा बेमेळ टायरांपुढे हात टेकतं. मामला अंकगणिताचा आहे.

हिशेब असा. ६.००-१६ चा टायर गाडीचा भार घेऊन फिरताना एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर अंतर कापतो, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे. पुढच्या दोन टायरांचा घेर मागच्यांपेक्षा अवघा एक टक्का कमी धरा. पुढच्या चाकांना किलोमीटरमागे साडेचार फेरे जास्त घ्यावे लागतील. विलिस एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू, दोघींच्या एक्सलचं गुणोत्तर ४.८८ आहे. चाकाचा एक फेरा व्हायला प्रॉपेलर शाफ्टचे ४.८८ फेरे होतात. म्हणजे पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा किलोमीटरला बावीस फेरे जास्त हवे असतात. आणि फोर-व्हील टाकलेली असताना ट्रान्स्फर केसमध्ये हे दोन्ही शाफ्ट दातात दात घालून एकमेकांना बांधलेले असतात. मग हे बावीस फेरे जाणार कुठे?

आधी शाफ्ट, एक्सल आणि जॉइंट पीळ खातात. पण पोलाद पिळून पिळून किती पिळणार? काही अंशांनंतर टायरला रस्त्यावर घसरावंच लागतं. चिखलात, वाळूत, मुरमाड वाटेवर टायर येता-जाता घसरतच असतो, तिथे एक टक्का कुणाच्या लक्षातही येत नाही. कोरड्या डांबरावर तो सहजासहजी घसरत नाही आणि सिमेंटच्या रस्त्यावर तर त्याहून कमी. टायर पकड सोडत नाही तोवर पीळ वाढतच राहतो.

इथली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पुढचे टायर लहान असतील तर बांधलेल्या शाफ्टमुळे पुढची चाकं हवी तेवढी फिरू शकत नाहीत, म्हणून ती ब्रेकसारखी ओढ लावतात. मागची चाकं ती ओढ भरून काढतात आणि शिवाय गाडी पुढे नेतात. मागच्या चाकांनी रस्त्याला दिलेला जोर रस्त्यातून पुढच्या चाकांत शिरतो, पुढच्या शाफ्टमधून ट्रान्स्फर केसमध्ये परत येतो आणि पुन्हा मागे जातो. हे चक्र इंजिनाच्या ताकदीवर अवलंबून नसतं. पायाखालचा ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असताना मागच्या एक्सलवर इंजिनाने दिलेल्या जोरापेक्षा जास्त जोर पडलेला असू शकतो. ‘मी तर हळू चालवत होतो, मग एक्सल तुटला कसा?’ या तक्रारीचं उत्तर हे आहे. एमबीच्या ट्रान्स्फर केसमधल्या मधल्या गिअरचा शाफ्ट अवघा पाऊण इंच जाडीचा होता. युद्धानंतर तो आधी सव्वा इंचाच्या जरा आत आणि मग पुरा सव्वा इंच करण्यात आला. त्या जागी किती भार येतो, हे कारखान्यालाही कळून चुकलं होतं.

टायर अगदी जुळे असले तरी पीळ पूर्ण टळत नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात. जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या जरा वर. मागच्या एक्सलचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरवला तर पुढच्या एक्सलचा मध्य जवळजवळ ५.४ मीटरच्या वर्तुळात फिरतो. एक पूर्ण चक्कर मारली की पुढची चाकं अडीच मीटर जास्त चाललेली असतात. म्हणजे चाकाचा एकाहून जास्त फेरा आणि शाफ्टचे पाच-साडेपाच. रॅलीच्या मैदानात लोकांना दाखवायला फोर-व्हील टाकून फरसबंद चौकात गोल-गोल जीप फिरवणारे हौशी लोक दिसतात, तेव्हा मला त्या मधल्या शाफ्टची दया येते.

हा पेच जीपच्याही आधीचा आहे आणि प्रत्येक पिढीने त्यावर आपापला तोडगा काढला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या दोन कारखान्यांचे चारही चाकांनी चालणारे ट्रक फार गाजले. क्लिंटनव्हिलच्या एफडब्ल्यूडी ट्रकात पुढच्या-मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं तिसरं डिफरन्शियल मधे होतं आणि गरज पडली की ते लॉक करता येई. आजच्या महागड्या गाड्यांत असते तीच कल्पना, शंभर वर्षांपूर्वीची. केनोशाच्या जेफरी क्वॉडने वेगळाच मार्ग धरला. मधे डिफरन्शियल नाही, पण स्टिअरिंग चारही चाकांना. मागची चाकं उलट दिशेला वळत असल्याने ती पुढच्यांच्याच मागावरून जात आणि वळणावरचा फरकच उरत नसे. ही युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते. ब्रिटिशांच्या डेमलर डिंगो या छोट्या चिलखती गाडीच्या पहिल्या आवृत्तीतही चारही चाकांना स्टिअरिंग होतं. नवख्या ड्रायव्हरांच्या हातात ती गाडी आवरेना, म्हणून पुढच्या आवृत्तीत ते काढून टाकलं. वळणावरचा पीळ त्याबरोबर परत आला.

जर्मनांचा फोक्सवागन श्विमवागन पाण्यावरही चालायचा. त्यात फोर-व्हील फक्त पहिल्या गिअरमध्ये लागे, काहींत रिव्हर्समध्येही. पहिल्या गिअरमध्ये कुणी डांबरी रस्त्यावर मैलोनमैल जात नाही, त्यामुळे पीळ बसायला वावच नाही. अमेरिकनांनी जीपमध्ये सरळ मार्ग पत्करला. पुढचा एक्सल जोडायला एक लिव्हर दिला, लो गिअरसाठी दुसरा, आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर पुढचा एक्सल सोडवून ठेवा असा शहाणपणा डॅशबोर्डवरच्या धातूच्या पाटीवर कोरला. स्वस्त, मजबूत आणि सगळी जबाबदारी ड्रायव्हरवर. लाखांच्या संख्येने गाड्या बनवायच्या आणि त्या विशीतल्या पोरांच्या हाती द्यायच्या, असा हिशेब असलेल्या सैन्यासाठी तो योग्यच होता. आज त्या गाड्या आपल्या हातात आहेत आणि ती पाटी बहुतेकींवरून नाहीशी झाली आहे.

लँड रोव्हरची कथा थोडी खोलात सांगण्याजोगी आहे. १९४८ ची पहिली लँड रोव्हर कायम फोर-व्हीलमध्ये असायची, पण पुढच्या शाफ्टच्या वाटेवर सायकलच्या मागच्या चाकात असतं तसं फ्रीव्हील बसवलेलं होतं. वळणावर पुढची चाकं जास्त फिरू लागली की ती आपोआप सुटी होत. मागची घसरली की पुढची पकडत. उतारावर इंजिनाचा ब्रेक चारही चाकांना हवा असेल तर ड्रायव्हरच्या पायाशी असलेली कडी ओढून फ्रीव्हील लॉक करायचं. कल्पना हुशारीची, पण १९५० मध्ये तिला रजा देऊन साधा लिव्हर आला. अमेरिकन सैन्याच्या अडीच टनी एम-३५ ट्रकच्या सुरुवातीच्या ट्रान्स्फर केसमध्येही याच जातीचा, एकाच दिशेने पकडणारा क्लच होता.

फ्रीव्हीलच्या गाडीत टायरांचा नियम उलटा होतो. पुढचे टायर मागच्यांपेक्षा मोठे बसवले तर पुढची चाकं सावकाश फिरतात, शाफ्ट त्यांना मागून गाठतो, फ्रीव्हील पकडतं आणि सुटतच नाही. गाडी आपली कायमची फोर-व्हीलमध्ये, मालकाला पत्ताही नाही. साध्या लिव्हरच्या जीपमध्ये मात्र पुढचे टायर किंचित मोठे असणं हे त्यातल्या त्यात बरं. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मोठा घेर त्यातला थोडा भाग उचलून धरतो. म्हणून ‘मोठे टायर पुढे की मागे?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देणाऱ्याला आधी विचारावं, गाडी कुठली?

सगळ्यात कठोर घराणं ब्रिटिश चिलखती गाड्यांचं. फेरेट (१९५२ ते १९७१) घ्या. तिच्यात प्रत्येक एक्सलला वेगळं डिफरन्शियल नाही. मधोमध एकच आहे आणि त्याच्या दोन बाजूंनी निघालेले शाफ्ट डावीकडची दोन चाकं आणि उजवीकडची दोन चाकं गिअरने एकमेकांना जखडतात. ही जखड सोडवायला लिव्हर नाही. अगदी गुळगुळीत रस्त्यावर सरळ जातानाही डावीकडच्या पुढच्या आणि मागच्या चाकाला एकसारखंच फिरावं लागतं. म्हणून फेरेटमध्ये टायर एक्सलवार जुळवून चालत नाही, बाजूवार जुळवावे लागतात. डावीकडचे दोन एकमेकांशी, उजवीकडचे दोन एकमेकांशी. याच घराण्यातला स्टॉलवर्ट हा पाण्यातही चालणारा सहाचाकी ट्रक. प्रत्येक बाजूची तीन-तीन चाकं जखडलेली आणि टायर १४.००-२० चे. रानात, चिखलात आणि नदीत तो बेजोड. पश्चिम जर्मनीच्या पक्क्या रस्त्यांवरून लांबच्या मजला मारताना मात्र त्याच्या चाकांजवळच्या गिअरपेट्या तापायच्या. मधूनमधून गाडी रस्त्याच्या कडेला उतरवून खडबडीत जागेवरून किंवा फुटपाथच्या कडेवरून न्यायची, म्हणजे एखादं चाक क्षणभर सैल होऊन पीळ सुटतो, ही त्याच्या ड्रायव्हरांची जुनी रीत. संग्राहकांमध्ये ती अजून चालते. अमेरिकनांच्या सहाचाकी जीएमसी ट्रकातही मागचे दोन एक्सल एकमेकांना कायमचे बांधलेले असत, मधे डिफरन्शियल नाही. त्यात मागे जुळी चाकं, म्हणजे आठ टायर जुळवायचे आणि पुढचा एक्सल सोडवून ठेवला तरी सुटका नाही.

आता टायरांकडे येऊ. टायरवरचा आकडा हे मापाचं नाव आहे, प्रत्यक्ष माप नाही. दोन कंपन्यांच्या ६.००-१६ मध्ये व्यासाचा फरक सहज असतो. मानकंच तेवढी मोकळीक देतात. आपल्याकडे त्यात आणखी एक भर. ६.००-१६ हे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचंही मोठ्या खपाचं माप आहे. तालुक्याच्या गावात टायर मागितला तर पट्ट्यापट्ट्यांचा ट्रॅक्टरचा टायर पुढ्यात येऊ शकतो. रिमवर तो बसेलही. पण त्याचा बाह्य आकार वेगळा, बांधणी वेगळी आणि तो ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगासाठी बनवलेला. स्वस्त पडतो म्हणून एखादाच असा टायर चढवलेल्या जीपा मी पाहिल्या आहेत. अशी जीप रस्त्यावर आणण्यापेक्षा ती दारात उभी ठेवणं परवडलं.

झीज हा दुसरा भाग. नव्या टायरची नक्षी १२ मिलिमीटर खोल धरा आणि जुना ४ मिलिमीटरवर आलेला. व्यासात १६ मिलिमीटरचा फरक. साधारण ७२० मिलिमीटर व्यासाच्या टायरला हा सव्वादोन टक्के होतो. वरच्या हिशेबाने शाफ्टचे किलोमीटरला पन्नासेक फेरे. ‘पुढचे दोन बदलले, मागचे अजून वर्षभर जातील’ हा काटकसरीचा विचार मोटारगाडीला शोभतो. फोर-व्हील वापरायची असेल तर तो महागात जातो. रिमोल्ड केलेल्या टायरांचं तर विचारूच नका. रबराचा थर कुणी किती चढवला यावर सगळं. चारही एकाच वेळी, एकाच जागी रिमोल्ड केले असतील तरच त्यांचा भरवसा.

तिसरा भाग हवा आणि भार, आणि इथे जुने जाणकारही चकतात. भाराखाली टायर जितका दबतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश इतकीच त्याची फिरण्याची त्रिज्या कमी होते. मागे सामान लादून मागचे टायर पुढच्यांपेक्षा १० मिलिमीटर जास्त दबले तर फिरण्याच्या त्रिज्येत तीन-साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ एक टक्क्याचा फरक पडतो. जुन्या, एकमेकांना तिरपे छेदणाऱ्या धाग्यांच्या क्रॉस-प्लाय टायरला हे लागू. रेडियलची गोष्ट निराळी. त्याच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो पट्टा आपला घेर फारसा सोडत नाही. हवा कमी केली तर रेडियल पोट काढून बसतो, पण एका फेऱ्यात जवळजवळ तेवढंच अंतर जातो. म्हणून ‘हवा कमी-जास्त करून टायर जुळवा’ हा सल्ला क्रॉस-प्लायला थोडाफार उपयोगी आणि रेडियलला जवळजवळ निरुपयोगी. हबची जमिनीपासून उंची मोजून टायर जुळवणाऱ्यांना रेडियल हमखास फसवतो. आणि एका एक्सलवर क्रॉस-प्लाय, दुसऱ्यावर रेडियल, हे तर ना पकडीच्या दृष्टीने बरं, ना गिअरच्या.

मोजायचं कसं, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये फार छान बघायला मिळालं. जीपचा मालक नवे टायर टाकून आला होता आणि लिव्हर अडकतो म्हणून ट्रान्स्फर केस खोलायला सांगत होता. मिस्त्रींनी पाने काढलेच नाहीत. आधी चारही टायरांत एकसारखी हवा भरली. स्टिअरिंग सरळ करून मालकालाच सीटवर बसवलं. मग प्रत्येक टायर जमिनीला जिथे टेकला होता तिथे टायरवर आणि खालच्या कोब्यावर खडूची रेघ मारली. दोघा पोरांनी जीप ढकलली. दहा फेरे पूर्ण झाले की ज्या चाकाची रेघ खाली आली तिथे पुन्हा जमिनीवर खूण. मागच्या चाकाच्या दोन खुणांमध्ये फीत लावली तर २२.३१ मीटर. पुढच्याच्या २१.९४. दहा फेऱ्यांत ३७ सेंटीमीटर, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. मिस्त्री फीत गुंडाळत म्हणाले, “मालक, टायर चार न्हाईत हे. दोन-दोन हाईत.” मागचे जुने रिमोल्ड, पुढचे दुसऱ्याच कंपनीचे नवे. ट्रान्स्फर केस त्या दिवशी उघडलीच गेली नाही.

या पद्धतीत भार, हवा आणि झीज हे सगळं एकाच मापात येतं, म्हणून मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. गाडी जॅकवर घेऊन टायरभोवती फीत गुंडाळणं हा जवळचा मार्ग, नवे टायर दुकानातच निवडून घ्यायला तो बरा. किती फरक चालेल? ट्रकांच्या जुळ्या चाकांसाठी टायर उद्योगात रूढ असलेली मर्यादा आहे. ८.२५ पर्यंतच्या मापात व्यासाला पाव इंच, ९.०० आणि वरच्या मापात अर्धा इंच. पाव इंच म्हणजे घेरात सुमारे २० मिलिमीटर. जीपच्या टायरला ते साधारण एक टक्क्याच्या जरा आत येतं. लिव्हरच्या गाडीत फोर-व्हील रानातच वापरायची असेल तर ही मर्यादा पुरे. फेरेटसारख्या कायम जखडलेल्या गाडीला मी त्याच्या निम्म्यावर अडून बसेन.

टायर तंतोतंत जुळवूनही पीळ जात नसेल तर एक्सलकडे संशयाने बघावं. आपल्याकडे हा संशय जरा लवकरच घ्यावा. महिंद्रांनी १९४७ पासून विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला घेतल्या, पुढे त्या इथेच बनू लागल्या आणि सीजे-३बी ने कित्येक दशकं खेडोपाडी राज्य केलं. तिच्या एक्सलचं गुणोत्तर ५.३८. युद्धकाळातल्या एमबीचं ४.८८. क्राऊनचे ४३ दात आणि पिनियनचे ८, किंवा क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८, एवढाच फरक. दोन्ही एक्सल बाहेरून दिसायला सख्ख्या भावंडांसारखे आणि भंगार बाजारातून येताना कुणी जन्मदाखला जोडून देत नाही. पुढे एकाचा आणि मागे दुसऱ्याचा बसवला की फरक दहा टक्क्यांचा. किलोमीटरला शाफ्टचे सव्वादोनशेहून जास्त फेरे. अशी जीप टू-व्हीलमध्ये वर्षानुवर्षं तक्रार न करता धावते, आणि पहिल्यांदा फोर-व्हील टाकून घट्ट जमिनीवर नेली की कुठेतरी ‘खाट्’ होतं. तपासणी सोपी आहे. चाकांना अडण्या लावा, गिअर आणि ट्रान्स्फर न्यूट्रलला, एक्सलचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाचला जरा कमी भरला तर ४.८८, साडेपाचला जरा कमी भरला तर ५.३८. जुनी जीप विकत घेतल्याचा आनंद साजरा करण्याआधी एवढं करून घ्यावं.

जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत बनलेली लष्करी जोंगा गाडी लिलावातून घेणाऱ्यांचा वेगळाच मोह. तिला रुबाबदार दिसायला रुंद, उंच टायर हवे असतात. हौसेला मोल नाही, पण चढवायचे तर चारही, आणि पाचवा स्टेपनीलाही. दोन महागडे टायर मागे लावून ‘पुढचे दिवाळीला’ म्हणणाऱ्याने दिवाळीपर्यंत पुढच्या लिव्हरला हात लावू नये.

पीळ बसला आहे हे ओळखायला उपकरण लागत नाही. स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी अडखळत, ढकलल्यासारखी जाते, टायर चिरकतात आणि लिव्हर ओढूनही सुटत नाही. लिव्हरवर दोन्ही पाय रोवून ओढणारे वीर मी पाहिले आहेत. त्याने फोर्क वाकतो. सरळ रेषेत चार-पाच मीटर सावकाश रिव्हर्स घ्या, लिव्हरवर हलका ताण ठेवा, बहुतेकदा तो आपणहून निसटतो. नाही तर एका बाजूची चाकं रस्त्याशेजारच्या मुरमावर उतरवा. जॅक हा शेवटचा उपाय. पीळ बसलेलं चाक जमिनीवरून उचललं जाताच झटक्याने फिरतं, तेव्हा त्याच्या आसपास हात नको. आणि जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर आहे हे विसरू नये. जुन्या लँड रोव्हरचाही तसाच. मागचं एक चाक वर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक घट्ट ओढलेला असूनही गाडी उतारावरून निघून जाऊ शकते. चाकांना दगड लावल्याशिवाय जॅकला हात नाही.

फ्री-व्हीलिंग हबबद्दल मतभेद आहेत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने, युद्धातून उरलेल्या जीपा रस्त्यावर सुखाने चालाव्यात म्हणून असे हब बनवायला घेतले. ते सोडले की पुढचे एक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट फिरायचेच थांबतात. अस्सलपणाचे आग्रही त्यांना नाक मुरडतात, कारण मूळ लष्करी जीपला ते नव्हते. पेट्रोल थोडं वाचतं, झीज कमी होते आणि टायरांचा छोटा फरक टू-व्हीलमध्ये तसाही बाधत नाही. माझं मत हबच्या बाजूने आहे, फक्त एका अटीवर. मूळ ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो गिअर लागत नाही, आणि त्यामागे कारण आहे. लोमध्ये वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर पडू नये. हब सोडून लो वापरणारा ती सोय मोडून काढतो. पायाने जपून वापरलं तर चालतं, चढावर दणका दिला तर मागचा एक्सल जातो.

जाता जाता शेताकडे. आज नाशिकच्या द्राक्षबागांतून फिरणारे छोटे फोर-व्हील ट्रॅक्टर पाहिले तर पुढची चाकं लहान, मागची मोठी. तरी त्यांना पीळ का बसत नाही? कारण गिअरचं गुणोत्तरच त्या मापांना जुळवून दिलेलं असतं, आणि वर पुढच्या चाकांना मुद्दाम एक ते पाच टक्क्यांची आघाडी ठेवलेली असते. मऊ मातीत पुढची चाकं किंचित ओढत राहावीत म्हणून. म्हणजे बेमेळ हा शत्रूच असतो असं नाही. तो किती आणि कुठल्या जमिनीवर, हे आखणी करणाऱ्याने ठरवलेलं असलं पाहिजे. त्याच ट्रॅक्टरला पुढे भलत्याच मापाचे टायर घातले किंवा फोर-व्हील न काढता डांबरी रस्त्याने बाजाराला नेलं, तर जीपचीच गत.

राहता राहिली स्टेपनी. बहुतेक जुन्या जीपांच्या पाठीवर पाचवा टायर कधीचा लटकलेला असतो, एक तर कोराकरकरीत किंवा पार गुळगुळीत. दोन्ही वाईट. पाचही टायर एकाच वेळी घेऊन ते पाळीपाळीने फिरवत राहिलं तर पाचही सारखेच झिजतात. ते जमलं नसेल आणि घाटात मागचं चाक पंक्चर झालं तर बेमेळ स्टेपनी मागे लावू नये. मागच्या डिफरन्शियलवर सतत भार असतो आणि दोन बाजूंचे टायर वेगळे असले की त्यातले छोटे गिअर भाराखाली अखंड फिरत राहतात. पुढचं चांगलं चाक काढून मागे लावायचं आणि स्टेपनी पुढे. दोनदा जॅक लावावा लागतो, आणि आंबोलीच्या पावसात ते कुणालाच नको असतं. त्यानंतर लिव्हर टू-व्हीलमध्ये ठेवून पंक्चरवाला गाठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.